खुनाच्या गोष्टीत एवढं हसू?

चुलीपाशी असाल, शेळ्यांमागे असाल, गटाच्या बैठकीला एकत्र बसला असाल, तर सगळ्याच जणींना माझा नमस्कार. मी भांडुपहून आले आहे. मुंबईची मध्य रेल्वे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगते, कांजूरमार्ग आणि नाहूर यांच्या मधलं स्टेशन ते भांडुप. पश्चिमेला उतरलं की बाजार, मग लाल बहादूर शास्त्री मार्ग आणि त्याच्या पलीकडे डोंगराला धरून वर वर चढत गेलेली वस्ती. सीएट, एशियन पेंट्स अशा कारखान्यांच्या भोंग्यांवर एकेकाळी इथली घड्याळं चालायची. कामासाठी कोकणातून माणसं आली, घाटावरून आली, पुढे मराठवाड्यातून आली, आणि इथलीच झाली. तरी मे महिना आला, गणपती आले, की निम्मी वस्ती गावाला पळते. त्यामुळे मी शहरातून बोलत असले तरी परकी नाही.

आज मी एका सिनेमाबद्दल बोलणार आहे. सिनेमा जुना आहे, १९६५ सालचा. नाव ‘गुमनाम’. आमच्या भांडुपच्या बचत गटातल्या बायकांनी तो एका रविवारी दुपारी एकत्र बसून पाहिला. एकीच्या मुलानं मोबाइल टीव्हीला जोडून दिला. दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही चौदा जणी, शिवाय पोरंटोरं. पाणी येण्याच्या वेळेआधी सिनेमा संपवायचा ही एकच अट होती. सगळ्यांनी ऐकलं होतं की हा भीतीचा सिनेमा आहे, भूत आहे, खून आहेत. दोघीतिघी तर उशी छातीशी धरूनच बसल्या. आणि झालं काय, तर पहिल्या तासाभरातच खोलीत असा हशा उठला की शेजारची वहिनी दार वाजवून विचारायला आली, “कुणाचं लग्न ठरलं काय गं?”

गोष्ट अशी. एका क्लबात सोडत निघते आणि सात जणांना बक्षीस लागतं. बक्षीस काय, तर परदेशात फुकट सुट्टी! विमान निघतं. वाटेत बिघाड झाला म्हणून एका निर्जन जागी उतरतं, आणि या सात जणांना आणि विमानातल्या एका कर्मचाऱ्याला तिथंच सोडून उडून जातं. मागे समुद्र, पुढे जंगल. चालत चालत त्यांना एक मोठा बंगला सापडतो. बंगल्यात एक बटलर आहे, म्हणजे घर सांभाळणारा, पाहुण्यांचं हवं-नको बघणारा नोकर. मग एकेका पाहुण्याचा खून व्हायला लागतो. हळूहळू त्यांना कळतं की आपण इथं योगायोगानं आलेलो नाही. एका जुन्या खुनाशी आपल्यातल्या प्रत्येकाचा कुठला ना कुठला धागा आहे, आणि कुणीतरी मोजूनमापून आपल्याला इथं आणलंय.

आता यात हसण्यासारखं काय? तर तो बटलर. मेहमूदनं तो रंगवला आहे. अंगात बनियन, कमरेला लुंगी, हैदराबादी वळणाची हिंदी, आणि बाहेर कुणाचं प्रेत सापडलं तरी याची स्वतःचीच तक्रार चालू. आमच्या एक काकू आहेत, मूळच्या देवगडच्या. त्या म्हणाल्या, “सुट्टी म्हणतात ती ही. सैपाक दुसऱ्यानं करायचा. मग खून झाला तरी चालेल!” त्यावर जे हसणं झालं ते सिनेमातल्या कुठल्याही विनोदापेक्षा मोठं होतं. कारण आपली सुट्टी कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. मे महिन्यात गावी जायचं, म्हणजे इथली चूल सोडून तिथली चूल. पाहुणे दुप्पट, आंबे उतरवायचे, फणस फोडायचे, पापड-कुरडया घालायच्या. पुरुषमाणसं ओटीवर पत्ते कुटतात आणि रात्री म्हणतात, यंदा सुट्टी छान झाली!

या सिनेमात आपली माणसं किती आहेत तेही सांगते. दिग्दर्शक राजा नवाथे. ते राज कपूर यांच्याकडे सहायक म्हणून तयार झाले आणि १९५३ साली ‘आह’ हा सिनेमा त्यांनी दिग्दर्शित केला. नायिका नंदा. ती मास्टर विनायक यांची मुलगी. आचार्य अत्र्यांनी लिहिलेला ‘ब्रह्मचारी’ हा १९३८ सालचा विनोदी सिनेमा तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल, तो मास्टर विनायक यांचा. ते १९४७ साली गेले. नंदा तेव्हा लहान होती. घराला हातभार लावायला ती बेबी नंदा म्हणून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. तिचं ते निरागस हसू पडद्यावर पाहताना मला हे सारखं आठवत होतं. भाकरीसाठी लहानपणीच कामाला लागलेल्या मुली आपल्याही आजूबाजूला आहेतच. शिवाय धुमाळ आहेत, मराठी रंगभूमीवरून आलेले. घाबरलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो तो त्यांनी करावा आणि आपण बघावा.

संगीत शंकर-जयकिशन यांचं. सुरुवातीलाच क्लबातलं एक नाचाचं गाणं आहे, आवाज महंमद रफी यांचा, तोंडावर मुखवटा लावून लक्ष्मी छाया नाचली आहे. तो नाच इतका बेभान आहे की २००१ साली अमेरिकेतल्या ‘घोस्ट वर्ल्ड’ नावाच्या सिनेमाची सुरुवातच त्या गाण्यानं केली. तिथल्या सिनेमातली मुलगी आपल्या खोलीत टीव्हीवर हे गाणं लावून एकटीच नाचते. कुठं आपली लक्ष्मी छाया आणि कुठं ती अमेरिकेतली पोरगी! आणखी एक गाणं नंदा आणि हेलन या दोघींचं आहे, आवाज आशा भोसले आणि उषा मंगेशकर या दोघी बहिणींचे. घरात मरण फिरतंय आणि या दोघी एकमेकींच्या गळ्यात गळा घालून हसतायत. आमच्याकडच्या सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. नंतर म्हणाल्या, “हसू दे. उद्याचं कुणी बघितलंय.”

एक गोष्ट मात्र खटकली, तीही सांगते. मेहमूदच्या काळ्या रंगावर सिनेमात विनोद आहेत. त्याचं एक गाणं फार गाजलं. त्यात तो आपल्या रंगाची बाजू छाती पुढे काढून मांडतो, म्हणून ऐकायला गोड वाटतं. पण आमच्यात एक सावळी मुलगी बसली होती, लग्नाचं चाललं आहे तिचं. ती तेवढा वेळ हसली नाही. सिनेमा संपल्यावर तिच्या आईनंच विषय काढला, की स्थळं परत जातात ती रंगावरून, शिक्षण कुणी विचारत नाही. मग त्यावर अर्धा तास बोलणं झालं. विनोदी सिनेमा पाहताना कोण हसत नाही तिकडेही जरा लक्ष ठेवावं.

आता मुद्द्यावर येते. खुनाची गोष्ट पाहताना आपण सगळ्याच फौजदार होतो. तशा आम्हीही झालो. पहिला खून झाला आणि खोलीत एकच गलका, “बटलर! बटलरनंच मारला!” का? तर तो नोकर, तो काळा, तो विचित्र बोलतो. दुसरं बोट गेलं हेलनवर. का? तर ती दारू पिते, तोकडे कपडे घालते. सुटाबुटातल्या बॅरिस्टरकडे आणि डॉक्टरकडे पहिल्यांदा कुणी पाहिलंच नाही. खुनी कोण ते मी सांगणार नाही, नाहीतर तुम्ही सिनेमा पाहणार नाही आणि मला शिव्या द्याल. पण एवढं सांगते, की आमचं बोट बटलरवर गेलं तेव्हा पडद्यावर त्याच्याविरुद्ध काडीचाही पुरावा आलेला नव्हता.

हे बोलणं चाललं असताना त्या देवगडच्या काकू एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “आपण पेटीचं पण असंच केलंय.”

पेटीचं प्रकरण असं होतं. आमच्या गटाची रोकड एका पत्र्याच्या पेटीत असते. पेटी दर महिन्याला एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. त्या महिन्यात पेटीत वहीप्रमाणे ९,८०० रुपये हवे होते, मोजले तर ९,२०० भरले. ६०० रुपये कमी. पेटी ज्या बाईच्या घरी होती ती गटात सगळ्यांत नवीन. जालन्याकडून आलेली, भाड्याच्या खोलीत राहते, चार घरची धुणीभांडी करते. तिला तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण नळावर कुजबुज झाली. पुढच्या वेळी पेटी तिच्याकडे द्यायची नाही असं दोघीतिघींनी परस्पर ठरवून टाकलं. बायांनो, अशा गोष्टी न सांगताही कळतात. ती पुढच्या दोन बैठकांना आली नाही. तेव्हा कुणी म्हणालं, “बघा, मनात असल्याशिवाय का येत नाही?” तिचं न येणं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला. सिनेमाच्या त्या रविवारीही ती आली नव्हती.

काकूंनी तो विषय काढल्यावर खोलीतलं हसू थांबलं. किल्ली जिच्याकडे होती तिला कुणी काही विचारलं होतं का? नाही. कारण ती जुनी, स्वतःच्या घरात राहणारी, नवरा नोकरीला. वही कुणी तपासली होती का? तीही नाही. मग दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाच जणी वही, पासबुक आणि पावत्या घेऊन बसल्या. नियम एकच केला, की कुणाचं नाव घ्यायचं नाही, एकेक नोंद घ्यायची आणि तिचा कागद शोधायचा. तासाभरात उलगडा झाला. एका बाईचा कर्जाचा ६०० रुपयांचा हप्ता वहीत ‘रोख जमा’ म्हणून लिहिला होता. प्रत्यक्षात बैठकीत तिच्याकडे पैसे नव्हते. संध्याकाळी देते म्हणाली, म्हणून आधीच लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती बँकेच्या बाजूला गेली होती, तेव्हा तिनं तो परस्पर गटाच्या खात्यात भरला. पावती तिच्या पर्समध्येच राहिली. म्हणजे पैसे पेटीत कधी आलेच नव्हते, बँकेत सुखरूप होते. चोर कुणीच नव्हतं.

आम्ही सहा जणी तिच्या खोलीवर गेलो. कुजबुज करणाऱ्या दोघी पुढे होत्या. त्यांनी आडवळण न घेता सांगितलं, की आमचा तुमच्यावर संशय होता, तो खोटा होता, हिशेब असा असा निघाला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग स्टोव्ह पेटवला. म्हणाली, “चहा घ्या. मी बैठकीला येईन. पण पेटी आता दुसऱ्या कुणाकडे ठेवा.” आजतागायत तिनं पेटी घरी नेलेली नाही. ६०० रुपये एका तासात सापडले, पण हे सापडायला वेळ लागणार आहे. म्हणून सांगते, संशय घ्यायला काही लागत नाही, तो काढायला फार लागतं.

त्या दिवसापासून आमच्या गटात तीन गोष्टी ठरल्या. पैसे हातात आल्याशिवाय वहीत ‘जमा’ लिहायचं नाही. बँकेत भरलेल्या पैशाची पावती त्याच आठवड्यात वहीला चिकटवायची. आणि रक्कम कमी निघाली तर आधी कागद तपासायचे, माणूस नंतर. तुमच्या गटातही हे करून बघा.

आता थोडं गमतीचं. ‘गुमनाम’सारख्या गोष्टींचं मूळ बरंचसं एका बाईकडे जातं. तिचं नाव अगाथा ख्रिस्ती, इंग्लंडची लेखिका, जन्म १८९० चा. पहिल्या महायुद्धात ती इस्पितळाच्या औषधखान्यात काम करत होती, तिथं तिला विषांची माहिती झाली, आणि पुढे तिच्या कादंबऱ्यांत ते विष अनेकांच्या पेल्यात पडलं! १९३९ साली तिनं एक कादंबरी लिहिली. दहा माणसांना एका बेटावर बोलावलं जातं आणि एकेक करून ती मरतात. त्या कल्पनेवर जगभर नाटकं, सिनेमे झाले. आपल्या ‘गुमनाम’चा सांगाडा तोच.

तिकडे या गोष्टींचा घरात बसून खेळायचा खेळही झाला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये बॉम्बच्या भीतीनं रात्री दिवे झाकून ठेवायचे, लोकांचं एकमेकांकडे जाणं-येणं थांबलं. तेव्हा बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट नावाच्या माणसानं एक खेळ शोधला, आणि त्याचा पट आखला त्याच्या बायकोनं, एल्व्हा प्रॅटनं. १९४९ साली तो ‘क्लूडो’ नावानं बाजारात आला. खून कुणी केला, कुठल्या खोलीत केला आणि कशानं केला, हे प्रश्न विचारत विचारत शोधायचं. १९८५ साली अमेरिकेत त्या खेळावरून ‘क्लू’ नावाचा विनोदी सिनेमा निघाला. त्याचे तीन वेगवेगळे शेवट केले होते, या थिएटरात एक खुनी तर त्या थिएटरात दुसरा! तेव्हा तो चालला नाही. पुढे टीव्हीवर आला आणि लोक त्याच्या प्रेमात पडले.

आपल्याकडे राजा-राणी-चोर-शिपाई चिठ्ठ्यांनी खेळतातच. पण त्यात शिपाई नुसता अंदाज मारतो. आम्ही त्या इंग्रजी खेळाचं आपलं रूप केलं आहे. पैसे लागत नाहीत, पोरांच्या जुन्या वहीचे कागद पुरतात. लिहून घ्या.

खेळाचं नाव ‘लोणच्याची बरणी कुणी फोडली’. अठरा चिठ्ठ्या करायच्या. सहा माणसांच्या, म्हणजे आजी, थोरली जाऊ, धाकटी जाऊ, नणंद, आत्या आणि भावोजी. भावोजी हवेतच, सगळं आपल्याच माथी कशाला? सहा वस्तूंच्या, म्हणजे वरवंटा, लाटणं, मुसळ, बत्ता, उलथनं, तांब्या. आणि सहा जागांच्या, म्हणजे ओटी, माजघर, पडवी, परसदार, गोठा, माळा. प्रत्येक गठ्ठ्यातली एकेक चिठ्ठी न बघता काढून बटव्यात टाकायची. तेच खरं उत्तर. उरलेल्या पंधरा चिठ्ठ्या एकत्र करून पाच जणींना तीन-तीन वाटायच्या. बायका जास्त असतील तर पाच जोड्या करा.

आता पाळीपाळीनं विचारायचं. जसं, “आत्या, मुसळ, गोठा?” यातली एखादी चिठ्ठी शेजारणीकडे असेल तर तिनं एकच, आणि फक्त विचारणारीलाच, दाखवायची. तिच्याकडे नसेल तर पुढचीनं दाखवायची. जी चिठ्ठी दिसली ती बटव्यात नाही, म्हणजे ती निर्दोष, तिच्यावर काट मारायची. असं करत करत जिला तिन्ही उत्तरं पक्की वाटतील तिनं ती सांगायची आणि बटवा उघडून बघायचा. चुकली तर ती खेळातून बाद, आणि खेळ संपेपर्यंत चहा तिनं करायचा. मात्र तिच्या चिठ्ठ्या ती दाखवत राहील, नाहीतर खेळ अडेल.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी चिठ्ठीवर चित्र काढा. आमच्यातल्या एका आजींना अक्षरओळख नाही, पण तीन वेळा लागोपाठ त्याच जिंकल्या. विचारलं, कसं काय? म्हणाल्या, “तुम्ही बोलत होतात, मी बघत होते.”

हा खेळ एकदा खेळा म्हणजे माझं म्हणणं ध्यानात येईल. यात कुणाचं तोंड बघून उत्तर मिळत नाही. एकेक नाव पुराव्यानं मोकळं करत जावं लागतं. हसतखेळत ही सवय लागली तर वहीच्या हिशेबात, पाण्याच्या पाळीत, रेशनच्या भांडणात ती उपयोगी पडेल.

आणि एक विनंती. महिन्यातून एक दुपार एकत्र बसून सिनेमा बघा. घरचे विचारतील, हे काय नवीन? सांगा, बैठक आहे. खोटं नाही ते. आमच्या गटात पाच वर्षांच्या बैठकांत जे बोललं गेलं नव्हतं, ते त्या अडीच तासांनंतर बोललं गेलं. ‘गुमनाम’ मिळाला तर जरूर बघा. भीती वाटली तर शेजारणीचा हात धरा, आणि खुनी कोण ते कळलं तर उशिरा येणारीला सांगू नका.

भांडुपच्या सगळ्या जणींकडून तुम्हाला रामराम. बरणी कुणी फोडली ते कळवा. नमस्कार.